पातेल्याच्या बुडावरची सासू

आमच्या धाकट्या भाऊजींना लोक कलावंत म्हणतात. म्हणोत बापडे. लोकांच्या घरी ते दोन्ही वेळ जेवायला नसतात, माझ्या घरी असतात.

तांब्याच्या पत्र्यावर काचेची रंगीत पूड लावायची आणि तो पत्रा भट्टीत घालायचा. पूड वितळते, पत्र्याला घट्ट धरते आणि मग ते चित्र जन्मभर पुसत नाही. याला मिना म्हणतात. भाऊजींनी आयुष्यभर हेच केलं. तिकडे आपल्या देशात होते तेव्हा एका जवाहिऱ्याकडे बसून कानातल्यांवर पोपट काढायचे. इकडे परक्या देशात आल्यावर माणसं काढायला लागले. पोपट बरे होते. मला गोड काढ म्हणून पोपट मागे लागत नाही.

मी त्यांच्या थोरल्या भावाची बायको. हे सगळं सांगतेय ते माझ्या सासूच्या तोंडापायी. तिचा म्हणून एकच चेहरा या जगात उरला होता. फोटो कधी काढू दिला नाही. येताना कागदपत्रांवर एक चिकटवला होता, तो कचेरीने ठेवून घेतला, आणि त्यातही तिने डोळे मिटलेले. उरली ती एक थाळी, माझ्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली. त्या थाळीचं भाऊजींनी काय केलं, ते ऐका.

आम्ही इकडे आलो तेव्हा सासूबाईंनी तिकडून तांब्याचं मोठं पातेलं आणलं होतं. कपडे कमी घेतले, पण पातेलं घेतलं. इथल्या शेगडीवर ते बसेना. मग ते खाटेखाली गेलं आणि त्यात कांदे राहायला लागले. आमचे हे नळांची कामं करायचे. भाऊजी एका कारखान्यात लागले, तिथे इनॅमलच्या किटल्या आणि घमेली बनायची. भाऊजींनी किटलीवर फूल काढायचं. एकच फूल, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. घरी आले की भिंतीकडे तोंड करून पडायचे.

एका सुट्टीच्या दिवशी उठले, खाटेखालचं पातेलं ओढलं आणि पत्र्याच्या कात्रीने त्याचं बूड कापून काढलं. कांदे घरभर.

सासूबाई म्हणाल्या, "आता माझी पाठ काप आणि तिचा पाट कर."

"आई, तुझं चित्र काढतो."

"मला विचारलंस?"

"पातेल्याला तरी कुठे विचारलं."

मग ती बसली. खिडकीशी, उजेडात, हातात निवडायची भाजी घेऊन. भाऊजी आधी कागदावर काढत होते.

"हलू नकोस, आई."

"मी हलत नाहीये, बोलतेय."

"बोललीस की हनुवटी हलते."

"मग हलती काढ. गप्प बसलेली काढलीस तर तुझी आई आहे हे ओळखायचं कुणी?"

कारखान्याच्या मुकादमाला हातापाया पडून भाऊजींनी त्या बुडाची थाळी तिथल्या भट्टीत भाजली. एक रंग लावायचा, भाजायचा, मग दुसरा. घरी आणली तेव्हा मी हातातलं काम टाकून बघायला गेले. सासूबाईंचा डावा डोळा कधीतरी तापात अर्धा मिटला होता तो तसाच राहिला होता, थाळीवरही तसाच अर्धा मिटलेला. दात गेलेल्या बाजूला ओठ आत ओढलेला. हनुवटीवर तीळ, तिळावर केस. आणि चेहऱ्यावर, समोरचा माणूस खोटं बोलतोय हे आधीच कळल्यासारखा भाव. त्या नजरेने तिने आम्हा सगळ्यांना वाढवलं.

सासूबाईंनी थाळी हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली.

"माझं तोंड असं आहे होय? मग इतकी वर्षं तुम्ही सगळे माझ्यासमोर बसून जेवलात कसे?"

हसली मात्र. भाऊजींच्या पाठीत एक थाप घातली. त्या घरात इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी हसलं होतं.

मागचं तांबं उघडंच होतं. यांनी त्यावर, कपाळाच्या बरोबर मागे, कथिलाचा डाग देऊन कडी बसवली. नळ झाळायचे तशी झाळली आणि थाळी खिळ्याला लावून दिली. भाऊजी कामावरून आले आणि कपाळाला हात लावला.

"दादा, विचारायचंस तरी. कथील लागलेलं तांबं पुन्हा भट्टीत जात नाही. तापलं की कथील तांब्याला खात सुटतं. आरपार भोक पाडतं."

"मग नको घालूस भट्टीत," हे म्हणाले. "आई एकदा भाजून निघालीये, बास झालं."

कथिलाचं ते बोलणं मी माझ्या कानांनी ऐकलंय. भाऊजींच्याच तोंडचं आहे. लक्षात ठेवा.

पुढे त्या कारखान्याच्या मालकिणीला कळलं की किटलीवाला माणसंही काढतो. तिने आपल्या मुलीचं चित्र डबीच्या झाकणावर काढायला सांगितलं. मुलीचे दात पुढे होते आणि नजर तिरळी. भाऊजींनी दात पुढे काढले, नजर तिरळी काढली. पोर अगदी समोर येऊन उभी राहावी तशी. मालकिणीने झाकण बघितलं आणि टेबलावर पालथं घातलं. भाऊजी घरी येऊन पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडले. मग उठले आणि दुसरं झाकण केलं. दात आत, डोळे सरळ, गालांवर गुलाबी. ते बघून मालकिणीच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे.

तिथून जो भाऊजींचा हात गोड झाला तो गोडच राहिला. डब्या झाल्या, बायकांच्या गळ्यातली पदकं झाली, मोठमोठ्या लोकांच्या बैठकीत लावायच्या थाळ्या झाल्या. चेहरा कुणाचाही असो, तोंड चिमुकलं, गाल गुलाबी, डोळे पाकात बुडवून काढलेले. बँकेचे म्हातारे आणि बाळंतिणी, सगळे एकाच आईच्या पोटचे वाटायचे. भाऊजींनी केस वाढवले. गळ्यात रुमाल आला. घराच्या मागच्या खोलीत स्वतःची विजेची भट्टी आली, आणि तापलेल्या धातूचा वास माझ्या अंथरुणापर्यंत यायला लागला. जेवायला बसले की नखांत निळा रंग. ताट उचलून ठेवायचं कधी सुचलं नाही. त्यांचं लग्न झालं नाही, त्यामुळे एक बाई वाचली आणि मी अडकले.

सासूबाई सगळं बघत होत्या. शेवटच्या दुखण्यात मला जवळ बोलावून म्हणाल्या, "ती थाळी तुझी. त्याच्या हातात देऊ नकोस."

"विकतील असं वाटतं?"

"विकली तर परत आणता येईल. तो मला सुधारेल."

त्या गेल्या, पुढे काही वर्षांनी हेही गेले. थाळी मी सांभाळली. रोज तिच्याकडे बघूनच मी शेगडी पेटवायचे. स्वयंपाकात काही चुकलं की ती बघायची, आणि मी म्हणायचे, बघू नका, कळलंय मला.

मग यंदा कलादालनवाली बाई आली. भाऊजींच्या सगळ्या आयुष्याच्या कामाचं प्रदर्शन मांडायचं होतं तिला. लोकांच्या घरांतून डब्या आणि थाळ्या मागून आणल्या होत्या, माझ्या जेवणाच्या टेबलावर पसरल्या. टेबलभर ती गोड तोंडं. मी म्हटलं, आता जेवायचं कुठे, यांच्या गालांवर?

बाई पाणी प्यायला स्वयंपाकघरात आली आणि पेला हातात घेऊन थाळीसमोर थांबली.

"हे कुणाचं काम?"

"आमच्या भाऊजींचं."

"आणि बाहेर टेबलावर आहे ते?"

"तेही त्यांचंच."

तिने पुन्हा थाळीकडे बघितलं. भाऊजी दारात येऊन उभे होते. ती त्यांना म्हणाली, "हीच मधोमध लावायची. सुरुवात हिच्यापासून." भाऊजींनी मान हलवली, पण चेहरा असा झाला की जणू कुणी त्यांच्या समोर दुसऱ्याच कुणाचं कौतुक केलं.

बाईने पेला स्वतः विसळला आणि पालथा ठेवला. तेवढ्यावर मी प्रदर्शनापुरती थाळी द्यायला कबूल झाले. आजकाल पेला विसळणारं माणूस कुठे मिळतं.

ती गेल्यावर भाऊजी स्वयंपाकघरात घुटमळायला लागले.

"वहिनी, न्यायच्या आधी तिला जरा उजळून घेतो."

"उजळून म्हणजे?"

"रंग दबलेत. तुमच्या तळणाचा धूर बसलाय तिच्यावर."

"धूर मी पुसते."

"नुसता धूर नाही हो. तेव्हा हात कच्चा होता माझा. बाकीच्या कामाशेजारी ती कशी दिसेल, सांगा."

"ती कशी दिसेल ते मला माहीत आहे. तिच्याशेजारी बाकीचं कसं दिसेल याची तुम्हाला धास्ती पडलीय, भाऊजी."

त्यांचे कान लाल झाले. "काढलीय मी ती."

"आणि सांभाळलीय मी. तिला हात लावाल तर या घरात तुमचं ताट वाढणार नाही."

"तुम्हाला कलेतलं काही कळत नाही."

"नाही कळत. मला सासू कळते."

विषय तिथे संपला असं मी समजले. मग लेकीला बरं नव्हतं म्हणून काही दिवस तिच्याकडे राहायला गेले. परत आले, पिशवी ठेवली, पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले, तर भिंतीवर खिळा आणि खिळ्याखाली गोल पांढरी जागा. सगळी भिंत धुराने पिवळी आणि तेवढी एक जागा कोरी.

मी माझ्या सुनेला हाक मारली. "थाळी कुठाय?"

"काकांनी नेली. तुम्ही हो म्हणालात, असं म्हणाले."

"मी हो म्हणाले हे ऐकून तुला आधी मला ताप आलाय का ते विचारावंसं वाटायला हवं होतं."

मागच्या खोलीत गेले. भाऊजी स्टुलावर बसले होते, हातमोजे अजून हातातच. समोर विटेवर थाळी निवत होती.

मी बघितलं. गालांवर तोच गुलाबी रंग, त्या मालकिणीच्या पोरीचा. तीळ गेला. आत ओढलेला ओठ भरून काढलेला, बाहुलीसारखा. आणि मिटलेला डोळा उघडून टाकलेला, दुसऱ्याच्या मापाचा, ओला. असल्या डोळ्याने माझ्या सासूने कधी कुणाकडे बघितलं नाही. आणि कपाळाच्या मधोमध भोक. बोट जाईल एवढं, कडा काळ्या, भोवतीचा मिना फोडांसारखा फुगून उठलेला.

"कडी मी कानशीने घासून काढली होती, वहिनी," भाऊजी म्हणाले. "मला वाटलं, कथील सगळं गेलं."

"वाटलं."

"चष्मा सापडत नव्हता."

"रुमालाची गाठ मात्र चष्म्याशिवाय बरोबर बसते."

"कथील थोडं राहिलं असणार. तेवढ्यानेच..."

"कथील काय करतं ते यांना तुम्हीच शिकवलं होतं. मी तिथेच उभी होते."

भाऊजींनी हातमोजे काढले. मग हळूच म्हणाले, "कपाळाचं बघता येईल काहीतरी. गाल तर छान आलेत."

गाल छान आलेत. आईच्या कपाळाला भोक पाडून बसलेला माणूस म्हणतो, गाल छान आलेत. आयुष्यात मी उलट्या काढल्यात, मोऱ्या तुंबल्यात त्या हातांनी साफ केल्यात. ती थाळी मात्र विटेवरून उचलायलाही माझा हात होईना. त्या गुलाबी तोंडाला शिवायचं म्हणजे कुणीतरी चघळून टाकलेलं उचलायचं. मी तोंड फिरवलं आणि बाहेर आले. त्याचाच भाऊजींनी फायदा घेतला. मी सकाळी बाजारात गेले तेवढ्यात थाळी कापडात गुंडाळून कलादालनात पोचती केली.

प्रदर्शनाच्या दिवशी मी सुनेला म्हटलं, चल. मोठी खोली होती, भिंती पांढऱ्या, जमीन अशी गुळगुळीत की म्हाताऱ्या माणसाने जपून चालावं. भिंतीवर ओळीने गोड तोंडं, आणि मधोमध, वर दिवा सोडलेला, माझी सासू. भोकातून मागची पांढरी भिंत दिसत होती. लोक हात मागे बांधून उभे.

भाऊजी नव्या रुमालात. आवाज खाली आणून सांगत होते, "मुद्दाम जाळलं मी ते. देश सोडला तेव्हा आईच्या कपाळावर जी जागा रिकामी झाली, तीच आहे ही."

एक बाई म्हणाली, "किती धाडस लागलं असेल." एक गृहस्थ तर चष्मा काढून पुसायला लागले. भाऊजींनी डोळे खाली केले आणि मान वाकवली, नवऱ्या मुलासारखी.

सुनेने माझा दंड धरला. मी म्हटलं, "सोड. मी कुणाला मारत नाहीये."

पेला विसळणारी बाई कोपऱ्यात उभी होती. मी तिच्यापाशी गेले. "तुम्ही आधीची बघितली होतीत."

"बघितली होती," ती म्हणाली. माझ्याकडे बघेना. "ते म्हणाले, विचार करून केलंय."

"आणि तुम्हाला पटलं?"

मी मधल्या भिंतीशी गेले. थाळी तारांच्या पकडीत बसवली होती. पकड वाकवली आणि काढून घेतली. तांबं जड, हाताला ओळखीचं वाटलं. तिथला एक माणूस धावत आला.

"आजी, अहो, ती प्रदर्शनातली वस्तू आहे."

"ही माझी सासू आहे."

त्याने कलादालनवाल्या बाईकडे बघितलं. तिने मान हलवून, जाऊ दे, अशी खूण केली. तेवढं एक काम तिनं धड केलं.

भाऊजी जवळ आले, ओठ न हलवता बोलले, "वहिनी, लोक बघतायत. घरी बोलू."

"घरी मी बोलणार नाही," मी म्हटलं, आणि निघाले. मागे त्यांनी लोकांना आणखी काय सांगितलं ते माहीत नाही. काहीतरी सांगितलंच असणार, तोंडाला त्यांच्या शब्दांची कधी टंचाई पडली नाही.

घरी येऊन थाळी मोरीत घेतली. भांडी घासायचं फडकं ओलं केलं आणि त्या गुलाबी गालांवरून जोर लावून फिरवलं. गाल हलले नाहीत. ओठ हलला नाही. ते आता कायमचे. मग डोळ्यावर फडकं फिरवलं, तर नखाएवढी खपली निघून हातात आली. मी थांबले. पुन्हा घासलं, आणखी एक निघाली. माझ्या तळणाचा धूर इतकी वर्षं त्या डोळ्याच्या खाचेत बसला होता. भाऊजींनी घाईत तो नीट धुतलाच नव्हता, आणि वरचा नवा मिना त्या तेलकटावर धड धरलाच नव्हता. नखाने खरवडत गेले. तो ओला, भरल्या घरात बसून रडणारा डोळा तुकड्यातुकड्याने मोरीत वाहून गेला, आणि खालून जुनी पापणी निघाली. अर्धी मिटलेली.

"कळलंय मला," मी तिला म्हटलं. "जेवढा सापडला तेवढा काढला."

कडी गेली होती, म्हणून कपाळाच्या भोकातूनच खिळा घातला आणि थाळी टांगली. दिसायला भयंकर दिसते. खोटी तर दिसत नाही.

भाऊजींनी नंतर आठवणीतून दुसरी थाळी केली. गुपचूप टेबलावर ठेवून गेले. नवं तांबं, गुळगुळीत मिना, तीळ आठवणीने काढलेला, केसासकट. डावा डोळाही अर्धा मिटलेला. पण असा मिटलेला की म्हातारी लाजतेय. मी सुनेला विचारलं, "ही कोण?" ती म्हणाली, "आजी असाव्यात." म्हटलं, "असाव्यात ना, मग ही दुधावर झाकण म्हणून ठेव." बरोबर बसतं. भाऊजी सकाळी दूध घेताना ते झाकण स्वतःच्या हाताने उचलतात आणि परत ठेवतात. त्यांना येत नाही आता ते तोंड, आणि येत नाही हे त्यांना माहीत आहे. मला त्यांची दया येईल असं मध्ये एकदा वाटलं होतं. त्याच दिवशी त्यांनी एका पाहुण्याला ते भोक दाखवलं आणि रिकाम्या जागेचं पुन्हा सुरू केलं. दया गेली.

ताट बंद करणार होते मी, ते केलं नाही. तिच्या पोराला मी उपाशी ठेवलं तर ती मला त्या एका डोळ्याने जगू देणार नाही. शिवाय त्याहून बरं काहीतरी सापडलं. भाऊजींची जेवायची जागा स्वयंपाकघराच्या दारातून थाळीच्या बरोबर समोर येते. दोन दिवस खाली मान घालून जेवले. तिसऱ्या दिवशी खुर्ची फिरवली आणि थाळीकडे पाठ करून बसले.

जेवण झाल्यावर मी हातोडी घेतली, खिळा उपटला आणि आता त्यांच्या तोंडासमोर येणाऱ्या भिंतीवर ठोकला.